गिल सुन-ओक यांच्या अंथरुणात सापडलेल्या सापाबाबत

मी, प्यो गी-सोक, वय ५८ वर्षे, धंदा नोकरी (सार्वजनिक स्नानगृहात बॉयलर चालवणे), राहणार छुनछन शहर, गिल सुन-ओक यांच्या घराचा वरचा मजला. ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, मी वरील पत्त्यावर नऊ वर्षांपासून भाड्याने राहतो. घरमालकीण गिल सुन-ओक, वय ७९, खाली एकट्या राहतात.

माझी मुलगी दा-हे गेल्या शरदात नोकरीसाठी बुसानला गेली. तिचा पाळीव अजगर माझ्याकडे आहे. लांबी सव्वा मीटर, बिनविषारी. काचेच्या पेटीखाली अर्ध्या भागात विजेवर तापणारी पट्टी आहे. जाताना मुलगी म्हणाली, "अप्पा, एक टोक बत्तीस, दुसरं सव्वीस. त्याला हवं तिकडं तो जाईल. तुमच्या स्नानगृहातल्या हौदासारखं सगळं एकसारखं तापवू नका." त्याप्रमाणे मी ठेवत होतो.

दि. १४ जानेवारी रोजी थोरला भाऊ अत्यवस्थ असल्याने मी जेछनला गेलो. निघताना पेटी तपासली, सर्व ठीक होते. किल्ली घरमालकिणीकडे दिली; त्यांना मी मावशी म्हणतो.

दि. १५ रोजी दुपारी चारच्या सुमारास मी दवाखान्यात असताना मावशींचा फोन आला. "नळ गोठला का बघायला वर आले. वीज गेलीय तुझी. खटका उंच, माझा हात पोचत नाही. आणि तुझी ती दोरी लाकडासारखी झालीय." मी म्हणालो, "मावशी, राहू दे. उद्या येतोय मी." त्या "बरं" म्हणाल्या. त्याच वेळी डॉक्टरांनी मला आत बोलावले. भाऊ पाच वाजता वारला.

दि. १६ रोजी सकाळी साडेअकराला मी परतलो. बाहेर उणे चौदा होते. खटका पडलेला, खोली तापवणारा बॉयलर बंद, पेटीत नऊ अंश. झाकण बाजूला नीट ठेवलेले. साप नव्हता. खाली गेलो. दार नुसते लोटलेले होते. मावशी अंथरुणात होत्या, हाका मारून उठेनात. साप त्यांच्या कापूस भरलेल्या जाकिटात, पोटाशी होता. गुंड्या वरपर्यंत लावलेल्या होत्या. मी रुग्णवाहिका बोलावली.

त्यांचा मुलगा मा ह्योंग-थे याने, सापाने आईचा गळा आवळला अशी तक्रार दिली आहे. साप गळ्याशी नव्हता. अंगावर कसलीही खूण नव्हती. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे त्या थंडीने गारठल्या होत्या.

त्यांची विजेवर तापणारी गादी बंद का होती, असे मला विचारण्यात आले. गादीची पिन भिंतीतून काढून उशाशी ठेवली होती. अशा थंडीत कोणी ती का काढेल, हे मला समजत नाही. शिवाय मावशींना साप आवडत नसे. "तो तरी राहील नाहीतर तू," असे त्या मला तोंडावर म्हणत. एवढेच आठवते की नोव्हेंबरात त्यांनी विचारले होते, तो पट्टीला चिकटून का पडतो? मी म्हणालो, "त्याला चटका कळत नाही. पोट भाजलं तरी हलत नाही, म्हणून लक्ष ठेवावं लागतं." त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखाच." यापेक्षा जास्त बोलणे झाले नाही. पिन त्यामुळे काढली की कसे, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. मी फोनवर राहू दे म्हणालो होतो.

मावशी परवानगीशिवाय साप घेऊन गेल्या, याबद्दल माझी तक्रार नाही.

आज सकाळी त्या दवाखान्यात माझ्यासमोर शुद्धीवर आल्या. मुलाला म्हणाल्या, "ओरडू नकोस. मीच घेतला त्याला." मा ह्योंग-थे माझ्यामागोमाग बाहेर आला. त्याने विचारले, "आईची गादी रोज कितीवर असते?" मी सांगितले, बटण सातवर. त्याने ते कागदावर लिहून घेतले. मला का विचारले, कळले नाही.

हा जबाब मला दोनदा वाचून दाखवला. पहिल्या वेळी माझे लक्ष नव्हते. दुसऱ्या वेळी ऐकला, मी सांगितले तसाच उतरला आहे, म्हणून सही करतो.