आवरलेल्या घराची तपासणी

न्हाई, पर माझं चुकलं कुठं तेवढं सांगा! पावणं येणार म्हणल्यावर घर पसरून ठेवतं का कुणी? तुमी ठेवता? मग!

तुमाला सांगते, चौदा वरसं झाली मला काज-बटण करायला. सारोळ्याच्या अंगाला कुडत्यांचा कारखाना हाय न्हवं, तिथं कुडतं शिवत्यात आन हातानं काज-बटण करायला टेम्पोतनं गठ्ठे आमच्या भोरात येत्यात, घरोघर. कुमार मुकादम आणून टाकतो, त्योच उचलून नेतो. कुडतं जातं परदेशात, आन मी कुठं जाते? दळणाला! कारखान्याला माझं नाव ठाऊक न्हाई, मला कुडतं घालणाऱ्याचं. चाललं व्हतं आपलं.

तर एक दिवस कुमार धापा टाकत दारात. "नूरजहाँभाभी, गुरुवारी तपासणीच्या मॅडम येणार! कापूस पिकवणाऱ्यापासनं बटण लावणाऱ्यापर्यंत समद्यांची नावं आता कुडत्याच्या चिठ्ठीत. मोबाईल धरला की फोटोसकट दिसणार. जिचं नाव यादीत तिलाच काम, न्हाईतर बंद. घरात खरं काय चाललंय ते दिसलं पायजे!"

आता पावण्याला आपुन खरं घर कधी दाखवलंय का? फोटो निघणार म्हणल्यावर तर बघायलाच नको! दिवाणावरचे गठ्ठे, खाटंखालचे गठ्ठे, रिळं, कात्री, माझा दोऱ्यानं बांधलेला चष्मा... समदं माझ्या जुन्या हिरव्या ओढणीत बांधलं आन शेजारी साळूबाईकडं नेऊन टाकलं. "साळू, दोन घटका राहू दे गं!" तिचं घर आधीच कुडत्यांनी भरलेलं, तिला काय फरक? हितं म्या फरशी पुसली, पडदं बदललं, शिरखुर्मा केला... ईद न्हाई काय न्हाई, शिरखुर्मा! आन सुया टोचून बोटं काळी पडल्यात, ती दिसू नयेत म्हणून मेंदी लावली. दोन्ही हातांना!

मॅडम आल्या. लई गोड बाई, चपला दारात काढल्या. "काकू, तुमचं काम कुठं आहे?" "काम व्हतंय वं, तुमी आधी खावा." "दिवसातले किती तास करता?" "कसले तास! तुमी आलाय, आज काम न्हाई!" "बोटं बघू..." दाखवली. मेंदी बघून म्हणाल्या, "किती सुंदर!" आन कागदावर लिवलं, घर स्वच्छ, काम आढळलं नाही. आढळलं नाही! शेजारी ठेवलंय म्हणून सांगायला पायजे व्हतं, कबूल. जिभेवर आलं व्हतं. पर पसारा शेजारी ढकललाय, असं पावण्याला तोंडानं सांगतं का कुणी?

मग मॅडम गेल्या साळूकडं. तिथं बसायला जागा न्हाई, जिकडं बघंल तिकडं कुडतं. "बाप रे! हे सगळं तुमचंच?" साळूला वाटलं, नूरजहाँनं इश्वासानं झाकायला दिलंय, आपुन कसं फोडायचं? म्हणाली, "व्हय, माझंच." माझी लाज राखली वं तिनं! रागावू कुणावर?

माझ्याकडं गठ्ठे यायचं बंद झालं. महिन्यानं माझ्या गुलफशानं, लेकीनं, साळूकडच्या एका कुडत्याच्या चिठ्ठीवर मोबाईल धरला. कापूसवाला आला, रंगवणारा आला, शिवणाऱ्या पोरी आल्या, शेवटाला काज-बटण... साळू! ढिगाऱ्यात उभी, आन पायाशी माझी हिरवी ओढणी. "अम्मी, तुझी ओढणी बघ!" पोरगी हसली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? डोळं गेलं माझं त्या काजांत, आन आख्ख्या कुडत्यात मी न्हाई. ओढणी हाय, मी न्हाई.

सांजच्याला साळू गठ्ठा घेऊन आली, मान खाली. "माझ्या नावावर दुप्पट येतंय गं. अर्धं तुझंच हाय." म्या सुई ओवली. काय करणार? आता काज माझं, तोंड साळूचं.

कुमारला म्हणाले, "बाबा, एकदा नाव घाल." तर म्हणतो, "मॅडम गुरुवारी परत येत्यात, साळूबाईकडं." म्हणलं, मग मी तिथंच बसते काज करत, म्हंजी दिसंन तरी! त्यानं हातच जोडलं. "भाभी, यादीबाहेरची बाई सापडली तर साळूबाईचं बी काम बंद! मग दोन्ही घरं बसली. तुमी जावा, पर सुईला हात लावू नका. विचारलं तर सांगा, पावणी आलीय."

पावणी! चौदा वरसांनी! तुमीच सांगा, ह्याच्यावर काय बोलायचं?

साळू बिचारी म्हणाली, "ये गं तू, तुझ्यासाठी शिरा करते."

म्हणलं, "कर बाई, शिरा कर. पर साळू, पावणी येणार म्हणून घर तेवढं आवरू नगंस."