चार बोटांचे जाळे

दि. ९ ऑगस्ट १९९७, शनिवार, दुपारी साडेतीन वाजता.

मी तारामती केशवराव हंबर्डे, वय ४७ वर्षे, काम मराठी शाळेत शिक्षिका, राहणार नल्लकुंटा, हैदराबाद. ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, मला तेलुगू बोलता येते पण वाचता येत नाही, म्हणून हेड कॉन्स्टेबल नामदेवराव, मूळ आदिलाबादचे, हा जबाब मराठीतच लिहून घेत आहेत.

आमच्या नाट्यमंडळाचे नाटक उद्या रविवारी आहे. ते कोकणातल्या एका कोळीवस्तीचे आहे. समुद्र तापत चालला, पाणी वाढले, किनाऱ्याकडची घरांची एक रांग गेली आणि उरलीसुरली मासळी मोठ्या यांत्रिक बोटी बारीक जाळ्यांनी पिल्लांसकट ओढून नेतात, असा विषय आहे. हैदराबादला समुद्र नाही, तेव्हा हे नाटक कोणासाठी, असे मला मंडळातच दहा जणांनी विचारून झाले आहे. हे लिहिण्याची गरज नाही, असे नामदेवराव म्हणाले. मी लिहायला लावले.

मे महिन्यात मी त्या वस्तीत आठ दिवस राहिले. तेथील गंगूबाईंनी नाटकासाठी आपल्या सासऱ्यांच्या हातचे सुती जाळे दिले. लांबी एका लुगड्याएवढी. देताना त्यांनी जाळ्याच्या एका भोकात चार बोटे घालून दाखवली व मलाही घालायला लावली. तसा त्यांचा रिवाज आहे. त्या म्हणाल्या, "चार बोटं शिरतात, बघून घे. बारका मासा यातून सुटतो, म्हणून पुढच्या साली मोठा मासा मिलतो."

येत्या १८ तारखेला, नारळी पौर्णिमेला, वस्तीची बैठक आहे. चार बोटांहून बारीक जाळे कोणी समुद्रात टाकायचे नाही, असे गंगूबाई सांगणार आहेत. तरुण मंडळी म्हणतात, असली जाळी कधी नव्हतीच, म्हातारे उगाच गप्पा मारतात. म्हणून हेच जाळे माप म्हणून सर्वांपुढे धरायचे आहे. वस्तीत असे दुसरे जाळे शिल्लक नाही. पौर्णिमेआधी परत आणून देईन, असा शब्द मी दिला.

तालमी आम्ही मच्छरदाणीवर केल्या. खरे जाळे जपायचे म्हणून पेटीत होते. मंगळवारी ५ तारखेला रंगीत तालमीला ते पहिल्यांदा उघडले. बुधवारी सकाळी पेटी रिकामी होती. मी याच ठाण्यात तक्रार दिली व कोळंबी निर्यातीच्या धंद्यातील श्री. युवराज यांचे नाव सांगितले, कारण "आता बाजार मोकळा झालाय, बाई, तो बोटींचा प्रवेश गाळून टाका," असे ते तालीम पाहून मला म्हणाले होते. त्यांना येथे तीन तास बसवून ठेवले. त्यांचा यात काही दोष नव्हता. मी त्यांची माफी मागणार आहे. प्रवेश गाळणार नाही.

आज सकाळी अकराच्या सुमारास उदय जाळे घेऊन माझ्या घरी आला. उदय बँकेत आहे व नाटकात म्हाताऱ्या कोळ्याचे काम करतो. मंगळवारी रात्रीच तो बँकेच्या तपासणीसाठी निजामाबादला गेला होता. त्याच्या घरी फोन नाही, अर्ज तीन वर्षे पडून आहे. जाताना त्याने जाळे आबिड्सच्या रफूवाल्याकडे टाकले होते. तो हसत म्हणाला, "बाई, केवढाली भोकं पडली होती! उसनं आणलेलं फाटकं परत देऊ नये, असं आमची आई सांगायची. म्हटलं, तुम्हाला न सांगता नीट करून आणावं."

मी त्याला घेऊन तडक रफूवाल्याकडे गेले. चाँदमियाँ नावाचे वृद्ध कारागीर आहेत. ते म्हणाले, "अम्मा, चार आदमी तीन दिन बैठे. एक छेद बी नै छोड़े." उसवता येईल का, असे विचारल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "निकाले तो पुराना सूत बी टूट जाता, अम्मा." काम अतिशय सुबक आहे. त्यामुळे मला कोणावर ओरडताही आले नाही, आणि संताप तर मावत नाही.

उदयने गेल्या दोन महिन्यांत निदान चाळीस वेळा माझ्यासमोर हे वाक्य म्हटले आहे : "जाळ्याची भोकं मोठी ठेवली, म्हणून नातवाच्या ताटात मासा आहे." या वाक्याला तो रडतो. खरोखर रडतो. मी विचारले, अरे, मग तू इतके दिवस काय म्हणत होतास? तो म्हणाला, "बाई, ते नाटकातलं होतं."

मीही कोणाला त्या जाळ्यात बोटे घालायला लावली नाहीत. तो रिवाज मला पहिल्या प्रवेशासाठी छान वाटला होता, एवढेच.

उदयविरुद्ध माझी तक्रार नाही. सोमवारी जाळे घेऊन मी कोकणात जाणार आहे. गंगूबाई बैठकीत काय धरतील, ते मला माहीत नाही.

जबाबाच्या शेवटी "जाळे सुस्थितीत परत मिळाले" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. नामदेवराव म्हणाले, "बाई, आता तर एकही भोक नाही." मी त्यांना जाळ्यात बोटे घालायला सांगितली. एकही बोट शिरले नाही. तसे येथे नोंदवून घेतले आहे.

खाडाखोडीसह सर्व मजकूर मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे.

सही
तारामती के. हंबर्डे