भांडं चाटून होईपर्यंत

शेवटच्या रविवारी बाबांनी शिळ्या पावावर रिकोत्ता चीजचं कोमट पाणी ओतलं, कुत्र्याचं ते भांडं शेळ्यांच्या गोठ्यात ठेवलं आणि विचारलं, "एर्सिलिया, बसतेस जरा?"

"लाक्विला शहराची गाडी चुकेल, बाबा."

बाबांना जाऊन आता तीन दिवस झाले होते आणि शेळ्या राखणाऱ्या कुत्र्याने, बारोनेने, अन्नाला तोंड लावलं नव्हतं. एर्सिलिया चौकात परतीच्या गाडीची वाट पाहत होती. शेजारी एक म्हातारं जोडपं भांडत होतं.

"उद्यापासून तू इस्पितळात, बेरार्दो. तुझा कुत्रा माझ्या हातचं खात नाही."

"कसा खाईल? भांडं आपटतेस नि पळतेस."

"मग काय घास भरवू?"

"शेळ्यांत बस. त्यांच्यावर दुसऱ्या कुणाचं लक्ष आहे हे दिसलं, की तो निवांत खातो."

"आणि किती वेळ बसू?"

"भांडं चाटून होईपर्यंत. माझ्यापाशी बसतेसच की, बडबडत."

"नाहीतर तू तरी कुठे जेवतोस!"

गाडी आली. ती दोघं चढली. एर्सिलिया मात्र डोंगरावरच्या बाबांच्या गोठ्याकडे वळली.

तिने पाव भिजवला, भांडं ठेवलं आणि शेळ्यांमध्ये पालथ्या बादलीवर बसली. बारोनेने शेळ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि भांड्यात तोंड घातलं.

"बसते, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "आज बसते."