पँटच्या खिशातला अहवाल

– छे हो, तुम्ही कसले जाड, मागच्या शिंप्याने कोट घट्ट शिवला इतकंच. हात जरा वर. तर मी काय सांगत होते – हां, धाकट्या बहिणीचं. वर्तमानपत्रात बातमीदार आहे ती. तो नवा कायदा आला ना – जे मेसेज पाठवणारा नि घेणारा सोडून कुणाला दिसत नव्हते, तेही सरकारने मागितले की कंपनीने उघडून द्यायचे – तेव्हापासून तिला कुणी काही कळवेचना. का कळवतील? एका नर्सबाईंनी हॉस्पिटलातला गोंधळ कळवला, तर महिन्याभरात त्यांची नोकरी गेली. बहीण आठ दिवस धड जेवली नाही. माझ्यामुळे झालं म्हणायची.

मग एक दिवस दुकानात एक गृहस्थ आले – पँट आखूड करा म्हणाले. माप घेतलं तर पँट अगदी बरोबर. म्हटलं, आणखी आखूड केली तर चड्डी होईल हो. लाजले बिचारे. हळूच म्हणाले, "खिसा बघा, नि बहिणीला द्या." खिशात काय? पाणीतपासणीचा अहवाल – आपण सगळे पीत होतो ते पाणी पिण्याजोगं नव्हतंच. आमच्या बाईसाहेबांनी चार दिवस खपून खरं-खोटं केलं नि पहिल्या पानावर छापलं. आठवड्यात टाक्या धुतल्या की नाही? धुतल्या.

मग चौकशीवाले आले, तिचा फोन घेऊन गेले. सापडलं काय? आईचे एकशेचाळीस व्हॉइस मेसेज – दूध उतू गेलं, गुडघा दुखतोय, तू जेवलीस का. तिघं जण बसून ऐकत होते म्हणे. फोन परत देताना त्यातला एक म्हणाला, "आईला अधूनमधून उत्तर देत जा." आम्ही दोघी हसून हसून लोळलो.

मलाही विचारलं, दुकानात कोण कोण येतं? म्हटलं, साहेब, मला नावं लक्षात राहत नाहीत, मापं राहतात. खरंच राहतात हो – आता त्या पँटवाल्या गृहस्थांचा डावा खांदा इतका उतरलेला, त्यांनी शिवायला टाकलेल्या कोटाला आतून पॅड घातलंय मी. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाकून काम, दुसरं काय. बुधवारी न्यायला येतील. हे साहेबांना नाही सांगितलं बरं का, तुम्ही आपले वाटलात म्हणून.

थांबा, पायाचं माप घेते, खाली बसले की वर काही दिसत नाही मला... बेचाळीस. अहो, मापं तर मी लिहून घेतेय – तुम्ही काय लिहिताय?