आधी मुकादम खाली

आमी वडीगोद्रीकडचे. बाप विहिरी खोदायचा, मी बी खोदल्या, आन् मंग टोळीचा मुकादम झालो. काय सांगू तुम्हाला, आमच्यात मुकादमकी म्हंजी खुर्ची न्हाई, बकेट! सकाळी क्रेनच्या बकेटीत पहिला पाय मुकादमाचा. रातीतून सैल झालेला दगड आधी त्यानं बघायचा, मंग टोळीनं उतरायचं. वर क्रेनच्या ब्रेकवर आमचा रफिक. जीव त्याच्या हातात देऊन मी खाली जायचो, आन् जाता जाता तंबाखू मळायचो!

गुडघा गेला तवा मुकादमकी दिली धाकट्या भावाला, भगवानला. आन् ह्या बहाद्दरानं काय करावं? काठावर छत्री रोवली, गळ्यात शिट्टी अडकवली. रफिकच्या मागं येक मानूस उभा केला, हा झोपतो का काय बघायला. स्वता उतरायचं बिलकुल नाव न्हाई! येक दिवस मी डबा घेऊन गेल्तो, तर काम बंद. सगळी टोळी बाभळीखाली बसून राह्यली. भगवान म्हनला, दादा, मी आधी उतरल्याबिगर हे उतरत न्हाईत. रफिकनंच फितवलंय ह्यांना, आधी त्यालाच काढून टाकतो.

माहं डोकंच फिरलं! म्हनलं, अरे येड्या, ज्याच्या हातात ब्रेक त्याच्याच मानेवर पहारेकरी बसवतो? मंग त्यानं दोराकडं बघावं का मागं? तुलाच त्याचा भरोसा न्हाई, तर ह्यांनी कशाच्या जिवावर उतरावं, तुह्या शिट्टीच्या?

रफिक चपला घालायला लागला. बडे भाई, मैं चला. म्हनलं, थांब. आन् हा गुडघा धरून चढलो बकेटीत. भगवान बोंबलला, दादा, पडशील! म्हनलं, पडलो तर तुह्या वहिनीला तूच सांग. रफिक, सोड जल्दी!

तवा कुठं भगवाननं बकेट धरली. उतर तू, जातो मी. म्हनलं, रफिकला सांग, मला काय सांगतो? मला उतरवून बकेटीत चढला आन् पुटपुटला, रफिकभाई, बराबर सोडा. आन् गेला खाली, डोळे मिटून, राजूरच्या गणपतीला हाका मारत! टोळी पोट धरून हसली, पर मागोमाग उतरली.

आता रोज आधी तोच जातो. शिट्टी माह्या नातीला दिली, ती घर डोक्यावर घेती. पर माहा राग गेला न्हाई. रफिकची माफी अजून मागितली न्हाई त्यानं! रफिकच म्हनतो, जाने देव बडे भाई, रोज मेरे हाथ में जान देता, और क्या मांगूं?

देवा, त्याचा हात असाच राहू दे, आन् माह्या भावाला जीभ दे.