जळलेली गोधडी

सिनेमा सुटला. जिन्यात गर्दी अडली, तेव्हा म्हाताऱ्या शिंप्याच्या कानावर पुढच्या नणंद-भावजयीचं बोलणं पडलं.

“वहिनी, तुमची गोधडी कुठं दिसली? मी डोळ्यांत तेल घालून बघत होते.”

“आगीचा सीनच नाही ठेवला, वन्सं.”

“पण गोधडी खरीखुरी जाळली ना?”

“माझ्यासमोर. सिनेमावाले म्हणाले, पडद्यावर कायमची राहील.”

“अहो, तिच्यात आपल्या बाळूचा शर्ट होता!”

“मधोमध. तो गेल्यावर तेवढाच उरला होता.”

“मग दुसरी द्यायची. घरात चळत पडलीय गोधड्यांची.”

“बाळूला सिनेमाचं वेड. म्हटलं, असा तरी पडद्यावर येईल पोरगा.”

“जाब नाही विचारलात?”

“विचारला. सिनेमा लांबला, म्हणून कात्री लावली म्हणे.”

“आणि तुम्ही गावभर सांगत होतात, त्यांचंही काम आपल्यासारखंच, तुकडे जोडायचं!”

“जोडतात की. पण मी चिंधीसुद्धा फेकत नाही.”

“कापलेला तुकडा तरी मागायचा.”

“मागितला. पुसून टाकला म्हणाले.”

“कधी?”

“महिना झाला.”

“आणि ठाऊक असून आज आलात?”

“तिसऱ्यांदा आलेय. वाटतं, एखादी चिंधी राहिली असेल कुठंतरी.”