हाय का? हाय की!

पावणं, माझी गोष्ट लिवून घ्यायला आलाय तर नीट मांडी घालून बसा, पेन उघडा आणि त्यो पंखा बंद करा, कारण मी आता जी घोषणा करणार हाय ती वाऱ्यानं उडून जाता कामा न्हाय. तर समस्त जनतेस कळवण्यात येतं की मी, दिनकर, वय वर्षं चव्वेचाळीस, अजून हाय. झालं. लिवलं का? हसू नका, एवढं सांगण्यावर मी सोळा वर्षं नोकरी टिकवलीय.

मूळचा मी राधानगरीच्या वरल्या अंगाचा, भाताच्या चिखलात वाढलेला, आणि बारा वर्षांचा असताना त्याच चिखलात पहिल्यांदा आडवा झालो, हातपाय झाडत, तोंडाला फेस. आई म्हणाली देवाचं हाय, आजा म्हणाला बाहेरचं हाय, डॉक्टर म्हणाला फीट हाय, गोळ्या रोज घ्यायच्या, जन्मभर. घेतल्या की. तरी वर्षातनं एकदोनदा ती यायचीच, न बोलवता दारात उभ्या राहणाऱ्या पावण्यासारखी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

आयटीआय करून कोल्हापुरात आलो, एका कारखान्यात लेथवर टर्नर म्हणून लागलो, आजार लपवून. लपवला नसता तर दारात कोण उभं करणार होतं? दोन वर्षं निभावलं. मग एक दिवशी चालू मशीनवरच डोळ्यापुढं अंधार आला. नशीब, मागं पडलो. पुढं पडलो असतो तर ही घोषणा करायला दुसरा माणूस बघावा लागला असता.

मालक म्हणाले, गावाकडं जा बाबा, माझ्या दारात मरू नको. तवा आमचे अण्णाप्पा मिस्त्री मधी पडले. ह्या माणसानं दिवसात दहा शब्द बोलल्याचं कुणी ऐकलं न्हवतं. म्हणाले, मालक, टूलरूमात नुसती हत्यारं, फिरतं मशीन एकबी न्हाय, ह्याला मापं कळत्यात, तिथं बसवू, जबाबदारी माझी. मग स्वतः डॉक्टरला विचारून आले आणि फळ्यावर खडूनं लिवलं, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल हुंगवू नका. आणि एक नियम काढला. टूलरूमला जाळीची खिडकी, आतलं बाहेरनं नीट दिसायचं न्हाय, म्हणून दर अर्ध्या तासानं जवळच्या मशीनवाल्यानं हाक मारायची, हाय का? मी आतनं वरडायचं, हाय की! उत्तर आलं न्हाय तर मशीन बंद करून पळायचं.

नोकरी राहिली, पर माणसं गेली बघा. लेथवर असताना चौघांत डबा खायचो, एकमेकांच्या भाजीत हात. आजार कळल्यावर वाईट कुणी बोललं न्हाय, फक्त माझ्या डब्यात हात घालायचं सोडलं. मलकापूरची एक सोयरीक जुळत आलती, तीबी मोडली. माणसं खिडकीत यायची, आपल्या नंबराचा पितळी बिल्ला तारण टाकायची, ड्रिल घेऊन जायची. मी पडलो बोलका माणूस, एका ड्रिलमागं एक गोष्ट सुरू करायचो, ती निम्म्यातच जाळीला लटकायची. दिवसभराचं बोलणं म्हंजे हाय का, हाय की. सोमवारी कारखाना बंद, तर बावड्यातल्या खोलीत भाकरी थापता थापता मीच आपला म्हणायचो, हाय की. कुणी विचारलं नसताना.

अशी सातआठ वर्षं गेली असतील. एक दिवशी हाक आली, हाय का? आणि माझ्यात काय शिरलं काय सांगू तुम्हाला, म्हटलं, बघू तरी, न्हाय म्हटल्यावर कोण येतंय. गप्प बसलो. परत हाक. गप्प. मग एकेक मशीन बंद पडत गेलं, सगळा कारखाना शांत झाला, आणि धाडधाड माणसं आत. मी फरशीवर आडवा, डोळं मिटून. आणि रोज त्या फळ्याखालनं जाणाऱ्या, चांगल्या लिहितावाचता येणाऱ्या अकरा जणांनी एकदमच आपापली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली! अकरा! पावसाळ्याचं दिवस, त्यात भिजलेली. मला हसूच फुटलं.

दुसरं कुणी हसलं न्हाय. मिस्त्रींच्या हातात चप्पल न्हवती. त्यांनी आपली टोपी घडी करून माझ्या डोक्याखाली दिलती. उठले, म्हणाले, खरंच पडशील तवा कोण येईल रं? आणि गेले. मालक म्हणाले, काढा त्याला.

दुसऱ्या दिवशी साडेआठला हाक आली न्हाय. नऊला न्हाय. मी कान लावून बसलेलो, आज शेवटचाच दिवस म्हणून. साडेनऊला जाळीपाशी मिस्त्री स्वतः आले. हाय का? मी जाळीला तोंड लावलं. म्हटलं, हाय की. मालकांना त्यांनी काय सांगितलं त्यांनाच ठाऊक, मी राहिलो. पर त्या दिवसापास्नं ती हाक त्यांनी दुसऱ्या कुणाला मारू दिली न्हाय. त्यानंतर कारखान्यात खरी फीट चारदा आली. चारी वेळा डोळं उघडलं तवा मी कुशीवर होतो आणि डोक्याखाली टोपी होती.

गेल्या वर्षी मिस्त्री निवृत्त झाले. नवा सुपरवायझर चांगला हाय, दर अर्ध्या तासानं मोबाईलवर मिस्ड कॉल देतो, मी उलटा मिस्ड कॉल देतो. झालं बोलणं. तक्रार न्हाय, पावणं. नोकरी हाय, गोळ्या हायत, देव सगळ्यांचं बरं करो.

फक्त परवाच्या सोमवारी दार वाजलं. बघतोय तर मिस्त्रींची बायको, अक्का. कानडी सीमेकडची बाई, मला धाकट्या भावासारखं तम्मा म्हणती. रिक्षातनं उतरून धापा टाकत आलती. पाणी देतो म्हटलं तर तांब्याबी हातात घेईना, उंबऱ्यातनंच वरडली, तम्मा, चप्पल घाल आणि चल आमच्या घराकडं, आमचं म्हातारं दर अर्ध्या तासानं भिंतीकडं बघून हाय का, हाय का करतंय, आणि वर्षभर तुझ्या वतीनं हाय की म्हणून म्हणून माझा घसा बसलाय!